सोलरचं काम शिकायचंय? नाशिक जिल्ह्यातून वारंवार येणारे प्रश्न

नाशिक शहरात पेठ रोडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. संध्याकाळी सहा ते साडेआठ तिथे वायरिंग आणि सोलरचं काम शिकवतो. फोनशेजारी एक वही असते, आलेला प्रश्न तिच्यात उतरवायचा. फोन सुरगाण्याहून येवो, हरसूलहून येवो, नाहीतर इथल्याच फुलेनगर किंवा वडाळागावातून येवो, प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यातले निवडक इथे मांडलेत, साधारण सोप्याकडून अवघडाकडे. एकदा सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. सोलरचं काम म्हणजे पॅनेल छतावर नेऊन बसवायचं, एवढंच ना?

तो सगळ्यात घाम काढणारा आणि सगळ्यात कमी पैशाचा भाग. हल्लीचं ५५० वॅटचं पॅनेल सव्वादोन मीटरहून लांब आणि २७-२८ किलो वजनाचं असतं. दोघांनी धरून जिन्यातून वळवताना ते आपटलं, तर वरून काही दिसत नाही, पण आतले सेल तडकलेले असतात आणि ते वर्षभरानंतर कळतं.

खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं. छत मोजणं, सावली कुठून येते ते बघणं, स्ट्रक्चर वाऱ्याला टिकेल असं रोवणं. मग पॅनेलकडच्या डीसी विजेची जोडणी, त्या डीसीची घरात चालणारी एसी वीज करणारा इन्व्हर्टर, एसीकडचा डबा, अर्थिंगचे वेगवेगळे खड्डे, आभाळातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक आणि शेवटी आलेली-गेलेली वीज मोजणारा महावितरणचा नेट मीटर. पुढे वर्षानुवर्षं देखभाल.

नाशिक जिल्ह्यात हे काम तीन ठिकाणी मिळतं: घरांची आणि कारखान्यांची छतं, शेतातले सौर पंप, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले उपकेंद्राजवळचे प्रकल्प. तिन्हीकडची माणसं वेगळी आणि पैशाची रीतही वेगळी (प्रश्न ९).

२. मुलगा आठवी पास आहे, दहावीत नापास झाला. त्याला घेतील का?

घेतील, पण कुठे ते नीट बघा. आयटीआयचा तारतंत्री म्हणजे वायरमन हा दोन वर्षांचा ट्रेड आठवी पासवर मिळतो. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, त्याला दहावी लागते. ‘सोलर टेक्निशियन (इलेक्ट्रिकल)’ नावाचा एक वर्षाचा ट्रेडही आहे, त्यालाही दहावी लागते. तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, म्हणून प्रवेशाच्या पोर्टलवर आधी तपासा.

माझं मत विचाराल तर आठवी पास मुलाने सरळ तारतंत्री करावं. दोन वर्षं जास्त वाटतात, पण पुढे परवान्याच्या वेळी (प्रश्न १०) तीच कामी येतात. सोलरचा भाग त्यावर नंतर काही आठवड्यांत चढवता येतो. उलट क्रमाने गेलेल्या मुलांना नंतर फार जड जातं.

३. सूर्यमित्र म्हणजे काय? ती सरकारी नोकरी आहे का?

नोकरी नाही, प्रशिक्षण आहे. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. गुरुग्रामजवळची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था तो चालवते. मूळ अभ्यासक्रम ६०० तासांचा, साधारण तीन महिन्यांचा आणि निवासी. दहावीनंतर आयटीआय केलेल्यांसाठी तो आखलेला आहे. परीक्षा आणि प्रमाणपत्र हरित रोजगारांसाठीच्या कौशल्य परिषदेकडून मिळतं.

तुकड्या मंजूर होतील तशा सुरू होतात. म्हणून ‘यंदा तुमच्याकडे तुकडी मंजूर आहे का’ हे केंद्राला फोन करून विचारा, आणि तेच स्किल इंडियाच्या पोर्टलवर पडताळून बघा. मागच्या वर्षी चालू होतं म्हणून बॅग भरून निघू नका.

४. एका संस्थेने पंधरा हजार मागितलेत, वर नोकरीची हमी देतात. भरू का?

नका भरू. सूर्यमित्र, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, ग्रामीण तरुणांसाठीची दीनदयाळ उपाध्याय योजना, बँकांची आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रं, या सगळ्यांत शिकणाऱ्याकडून फी घेतली जात नाही. शासकीय आयटीआयला फी असते, पण ती थोडी असते आणि तिची पावती मिळते.

खासगी वर्ग म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणत नाही. चांगलं शिकवणारे खासगी लोक नाशिकमध्ये आहेत. तरी पैसे देण्याआधी जाऊन एक गोष्ट बघा: मुलांच्या हातात काय आहे? भिंतीवर प्रोजेक्टर आणि टेबलावर एकच पॅनेल असेल तर परत या. इन्व्हर्टर उघडलेला हवा, अर्थ टेस्टर वापरून झिजलेला हवा, कापलेल्या वायरींचा कचरा पडलेला हवा. जिथे कचरा नाही तिथे काम झालेलं नाही.

आमच्याकडे पेठ तालुक्यातला एक मुलगा आला होता. घरची शेळी विकून कुठल्याशा वर्गाला पैसे भरलेले. आणलेलं प्रमाणपत्र सोनेरी चौकटीचं, पण त्यावर ना पडताळणीचा क्रमांक ना क्यूआर. मी त्याला पॅनेलच्या वायरी जोडायचा एमसी-४ कनेक्टर हातात दिला, तर त्याने तो पहिल्यांदाच पाहिला. पंप योजनांच्या नावाने नोंदणी शुल्क मागणाऱ्या बनावट वेबसाइटबद्दल खुद्द मंत्रालयाने वेळोवेळी इशारे दिलेत. फोनवरून पैसे मागणारा कोणीही सरकारी नसतो एवढं लक्षात ठेवा.

५. आमचं हातावरचं पोट. तीन महिने शिकायला बसलो तर घर कसं चालणार?

वहीत हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा लिहिलाय. प्रशिक्षण मोफत असलं तरी बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही, आणि ‘मोफत’ लिहिणाऱ्या पत्रकांत ही गोष्ट कधीच छापलेली नसते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक भागातल्या घरांचं वर्ष कसं जातं ते बघा. जुलैत भाताची आवणी, सोबत नागली-वरई. दिवाळीच्या आसपास भात कापला की निम्मा पाडा खाली दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या बागांवर. गोडी छाटणीनंतरची कामं, विरळणी, डिपिंग, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये खुडा. टोळीतला एक जण कमी झाला की मुकादमाचा हिशोब बिघडतो आणि उचल घेतलेली असेल तर ती घरावर बसते. या काळात मुलगा तुकडीला घातला तर तो तिसऱ्या आठवड्यात गळतो. आळशी म्हणून नव्हे, घरून फोन येतो म्हणून.

आमच्या अनुभवात भातकापणी उरकल्यावर टोळी निघायच्या आधीचा काळ, किंवा खुडा संपल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचा काळ, हे दोनच धड सापडतात. उन्हाळ्यात छतावर शिकणं कठीण, म्हणून तेव्हा प्रात्यक्षिक सकाळी सहा ते दहा. तुमच्या जवळच्या केंद्राने वेळ बदलली नाही, तर पाच-सहा घरांनी मिळून अर्ज द्या. एकट्याचं ऐकत नाहीत, गटाचं ऐकतात.

निवासी तुकडीत राहणं-जेवण मिळतं, तेवढा एका पोटाचा भार कमी. आयटीआय झालेल्यांना मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत कामावर शिकताना महिना ८,००० रुपये विद्यावेतन ठरलेलं आहे. आस्थापना त्या योजनेत नोंदलेली आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या.

६. मला इंग्रजी येत नाही आणि गणितात नापास होतो. जमेल का?

इंग्रजीची काळजी सोडा. इन्व्हर्टरच्या पडद्यावर येणारे वीस-पंचवीस शब्द आणि बिघाडाचे आकडे पाठ झाले की पुरतं. परीक्षेची भाषा मराठी मिळेल का, हे नाव नोंदवतानाच विचारा, आयत्या वेळी नको.

गणित लागतं. बेरीज, गुणाकार, टक्केवारी एवढंच, पण ते चुकलं तर उपकरण जळतं. आमच्याकडचं ठरलेलं उदाहरण निफाडच्या थंडीचं आहे.

एका पॅनेलचं उघड्या टोकांवरचं व्होल्टेज समजा ४९.५ व्होल्ट. २० पॅनेल एकापुढे एक जोडली की ९९०. इन्व्हर्टरची मर्यादा १०००. मुलं म्हणतात, बसलं सर. मग मी विचारतो, ४९.५ हा आकडा किती तापमानाचा? २५ अंशांचा. पॅनेल थंड पडलं की व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. निफाडला जानेवारीत पहाटे पारा ५ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. २० अंशांचा फरक म्हणजे ५.४ टक्के वाढ, ९९० चे १०४३ झाले. सूर्य उगवला की इन्व्हर्टर गेला. तिथे १९ पॅनेल लावायची, मग आकडा ९९१ वर थांबतो.

मे महिन्यात उलटं. पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांवर गेला तर ताकद सुमारे १४ टक्क्यांनी उतरते. गिऱ्हाईक म्हणतं, ऊन एवढं कडक आणि युनिट कमी कसे? हे त्याला न चिडता समजावता आलं पाहिजे. तेही कामच आहे.

७. यात शॉक लागून माणूस मरतो का?

मरतो. गोड बोलण्यात अर्थ नाही.

घरातल्या एसी वायरीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी पडली तर ती तुटायला संधी मिळते. डीसीत ती संधी नाही. चालू स्ट्रिंगचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेचा, कनेक्टर ओढला तर पाचशे-हजार व्होल्टची ज्योत दोन टोकांमध्ये तशीच जळत राहते. आणि पॅनेलला बटण नसतं. ऊन आहे तोवर टोकांवर व्होल्टेज आहे, मेन स्विच पाडला तरी. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर म्हणजे डीसी तोडणारा स्विच, मग वायरीभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य झालाय का ते बघणं, आणि मगच कनेक्टरला हात. हा क्रम आमच्याकडे मुलांकडून रोज मोठ्याने म्हणवून घेतो, पाढ्यासारखा.

मीटर घेताना डीसी अँपिअर मोजणाराच घ्या. स्वस्तातला क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो. डीसीच्या वायरीवर तो शून्य दाखवतो आणि माणूस बिनधास्त हात घालतो.

माझ्या मते शॉकइतकीच भीती पडण्याची आहे. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतात. ते वरून धड दिसतात, पाय ठेवला की मोडतात. तिथे फळ्या टाकून, हार्नेस दोराला अडकवूनच चालायचं. ठेकेदार ‘दहा मिनिटांचं काम आहे, कशाला दोर’ म्हणाला तर खाली उतरा. दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्या.

८. मुलींना हे काम देतात का? माझी बहीण शिकायचं म्हणते, घरचे नाही म्हणतात.

शिकवताना कोणी अडवत नाही, काम देताना अडवतात. आणि घरचे नाही म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात छत नसतं. परक्या चौघांबरोबर गाडीत बसून दुसऱ्या गावी जाणं आणि तिथे बाथरूम नसणं, हे असतं. त्यामुळे आईवडिलांशी ‘मुली काय कमी आहेत का’ असा वाद घालू नका. गाडीत अजून कोण असेल, परत किती वाजता, याची उत्तरं द्या. दोन मुली एकत्र आल्या की निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून आम्ही मुलींचा प्रवेश शक्यतो जोडीनेच घेतो.

बाकी बायकांना हे जमतं का, याचं उत्तर कधीच मिळालंय. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने शाळेची पायरी न चढलेल्या आज्यांना रंगांच्या खुणांवरून सर्किट जोडायला शिकवलं. राजस्थानातल्याच डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी आयआयटी मुंबईच्या मदतीने सौर दिवे जोडायला सुरुवात केली आणि पुढे स्वतःची पॅनेल बनवणारी कंपनी उभी केली.

आमच्याकडची एक मुलगी पहिल्या पंपाच्या तक्रारीला गेली तेव्हा शेतकरी आजोबा तिला सोडून तिच्या मागे कोण पुरुष आहे ते बघत होते. आदल्या दिवशी दोघं जण पंप चालवणारा कंट्रोलर खराब आहे असं सांगून गेले होते. तिने कंट्रोलर उघडलाच नाही. पॅनेलच्या पाठीमागे वाकून एकेक कनेक्टर चाचपत गेली. सातव्यावर थांबली. बसवणाऱ्याने तो ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबलाच नव्हता, आतून काळा पडला होता. वीस मिनिटांत पाणी आलं. आजोबांनी तिला चहा दिला आणि विचारलं, “तू कोणाची गं?”

९. नोकरी लागते का? पगार किती मिळतो?

काम मिळतं. ‘नोकरी’ म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार आणि भविष्य निर्वाह निधी असं तुमच्या मनात असेल, तर ती सुरुवातीला थोड्यांनाच मिळते. छतांवरचं काम बहुतेक किलोवॅटमागे ठेक्याने चालतं. टोळीने एवढे किलोवॅट उभे केले, एवढे पैसे, ते आपसांत वाटून घ्या. नवा मुलगा त्यात मदतनीस म्हणून रोजावर असतो. पंपाच्या कंपन्या सर्व्हिसला पगारी माणूस ठेवतात, पण गाडी स्वतःची आणि पेट्रोलचा हिशोब ज्याचा त्याचा वेगळा. वाहिनी प्रकल्पांवर पॅनेल धुणं, गवत काढणं, राखण अशी कामं गावातल्यांना मिळतात आणि तंत्रज्ञ बाहेरून येतो. ही चौकट मोडायची तर गावातल्याच मुलाने तांत्रिक बाजू शिकली पाहिजे.

पगाराचा आकडा विचारण्याआधी विचारा: पावसाळ्याचे चार महिने काय? इकडे पेठ-सुरगाण्याला पाऊस लागला की छतावर चढता येत नाही. वर्षाचे बारा महिने धरून सरासरी काढा, जाहिरातीतल्या एका महिन्यावर जाऊ नका.

१०. प्रमाणपत्र आहे, तरी तारतंत्री परवाना का मागतात?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र सांगतं की तुम्ही शिकलात. परवाना सांगतो की कायद्याने तुम्ही वायरिंगला हात लावू शकता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार विजेच्या मांडणीचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या माणसांकडून करवून घ्यायचं असतं. महाराष्ट्रात तारतंत्री आणि पर्यवेक्षकाचे परवाने राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेलं असेल तर ही वाट सोपी असते.

स्ट्रक्चर उभारणं, पॅनेल चढवणं, धुणं ही कामं परवान्याशिवाय चालतात. मीटर आणि मेन स्विचकडे वळलात की परवाना लागतो.

११. मला गाव सोडायचं नाही. पाड्यावर राहून पोट भरेल का?

माझ्या मते जिल्ह्याच्या पश्चिम भागात खरी संधी इथेच आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. त्यामुळे ३, ५ आणि साडेसात अश्वशक्तीचे पंप खेडोपाडी पोचलेत. बसवणारी टोळी येते, दोन दिवसांत बसवून जाते. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची. पण त्याचा माणूस नाशकात नाहीतर त्याहून लांब, आणि एका पंपासाठी घाट चढून यायला त्याला परवडत नाही. शेतकरी आठवडा-आठवडा थांबतो, तोवर भाजीपाला वाळतो.

तिथे दोन गोष्टी करता येतात. पुरवठादाराच्या सर्व्हिस विभागाला भेटून ‘या वीस गावांच्या तक्रारी मी बघतो, फेरीमागे पैसे द्या’ असं ठरवायचं, शक्यतो लेखी. आणि पाच वर्षं उलटलेल्या पंपांची यादी करून ठेवायची, कारण त्यानंतर ते गिऱ्हाईक थेट तुमचं. बिघाड फार गहन नसतात. उंदराने कुरतडलेली वायर, सैल कनेक्टर, विहीर आटल्यावर कोरडा चालून बंद पडलेला पंप, फवारणीचा आणि धुळीचा थर बसलेली पॅनेल. फक्त सोलरवर घर चालणार नाही, घरगुती वायरिंग आणि मोटारदुरुस्ती जोडीला हवीच.

१२. शेजारचा पंप वॉरंटीत आहे, कंपनी येत नाही. शेतकरी म्हणतो तूच उघड. उघडू का?

कंट्रोलर उघडू नका. सील तुटलं की वॉरंटीचा वाद शेतकऱ्याच्या गळ्यात पडतो आणि दोष तुमच्यावर येतो, बिघाड आधीचा असला तरी.

बाहेरून जे दिसतं ते बघा: पॅनेल धुणं, पडद्यावरचा बिघाडाचा आकडा, विहिरीची पातळी, वायरी. आकड्याचा फोटो काढा, तक्रार शेतकऱ्याच्याच मोबाइलवरून नोंदवा, तक्रार क्रमांक कागदावर लिहून पंपाच्या पेटीत ठेवा. हे केल्याबद्दल फेरीचे पैसे मागायला लाजू नका.

१३. स्वतःची एजन्सी काढायची आहे. सूर्यघर योजनेत घुसता येईल का?

घराच्या छतावर सोलर बसवण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरमालकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं. ते त्याच्या बँक खात्यात, काम पूर्ण झाल्यावर जमा होतं. पॅनेल देशात बनलेल्या सेलचीच लागतात. काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच व्हावं लागतं, आणि नोंदणीला कागदपत्रं आणि बँक हमी लागते. नवख्या मुलाला ते लगेच झेपत नाही.

म्हणून पहिली दोन वर्षं नोंदणीकृत विक्रेत्याच्या हाताखाली उभारणीचं काम घ्या. किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट छत आणि दिवसाला ४ युनिट, हा हिशोब तोंडपाठ ठेवा. अवजारांपुरतं भांडवल हवं असेल तर मुद्राच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं. मोठं काही करायचं तर जिल्हा उद्योग केंद्राकडे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, त्यात प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान असतं. आदिवासी तरुणांनी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळात जरूर चौकशी करावी, त्याचं मुख्यालय नाशकातच आहे.

१४. आम्ही वस्तीत भाड्याने राहतो. शिकल्यावर आमच्याच घरावर अनुदानातून लावता येईल का?

नाही. छत स्वतःचं आणि वीजजोडणी स्वतःच्या नावाची लागते. पत्र्याच्या खोलीवर एखादं छोटं पॅनेल, बॅटरी आणि दोन दिवे असं स्वखर्चाने करता येतं, सरावालाही बरं पडतं.

१५. आधारवर नाव एक, दाखल्यावर दुसरं. जातीचा दाखला अजून नाही. थांबू का?

शिकायला थांबू नका, कागदांना आजच लागा. नावातला फरक परीक्षेच्या नोंदणीत अडतो, प्रमाणपत्र चुकीच्या नावाने आलं की दुरुस्तीला महिने जातात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव धरून आधार सुधारा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही बघून घ्या.

१६. मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. वय बेचाळीस. माझ्यासारख्याला काही?

वयाची अडचण योजनेनुसार बदलते. आरसेटीत ४५ पर्यंत तरी चालतंच. दीनदयाळ योजनेत एरवी ३५, पण महिला आणि आदिम जमाती (विशेष दुर्बल आदिवासी गट) यांच्यासाठी ४५.

रंगांचं मात्र स्पष्ट सांगतो. एसी पॅनेलमध्ये लाल-पिवळ्या-निळ्या फेजची आणि हिरव्या अर्थिंगची गल्लत जिवावर येते, म्हणून वायरिंग नको. स्ट्रक्चर, छताची मोजणी, मालाचा हिशोब, गिऱ्हाईकाशी बोलणी यांत ही अडचण येत नाही. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ असेच आहेत, वायरीला हात लावत नाहीत, पण सावली बघून छतावर पॅनेल कुठे मांडायचं हे त्यांच्याइतकं अचूक कोणी सांगत नाही.

१७. सोलरची ही लाट ओसरली तर?

अनुदानं कमी-जास्त होतील, ठेकेदार येतील-जातील. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातली वीज असो की छतावरची, घरात शिरताना ती वायर, स्विच आणि अर्थिंग यांतूनच येते. म्हणूनच प्रश्न २ मध्ये तारतंत्रीचा आग्रह धरलाय.

१८. ठेकेदाराने दोन महिन्यांचे पैसे बुडवले. काय करू?

कामाचा पुरावा आहे का? बहुतेकांकडे नसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून छोटी डायरी ठेवा: तारीख, गाव, घरमालकाचं नाव, किती किलोवॅट, बरोबर कोण होतं. उभारणीचा एक फोटो रोज, त्यात टोळी दिसली पाहिजे. पैशाचं बोलणं मेसेजवर करा. एवढं असेल तर कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार नीट उभी राहते. आमच्या दोन मुलांचे थकलेले पैसे अशाच डायरीवर सुटले, तिसऱ्याचे गेले, त्याच्याकडे डायरी नव्हती.

आणखी एक. वर्षात ९० दिवस काम केलं असेल आणि वय १८ ते ६० असेल, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून ठेवा. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाती मदतीपर्यंत बरंच काही तिथे मिळतं. फक्त कामांच्या यादीत ‘सोलर’ शोधत बसू नका, सापडणार नाही. तिथे ‘सौर तावदाने’ असं लिहिलंय.